तळ्यापासून जरा वर

ताईला तळ्याच्या अगदी काठावर टेंट लावायचा होता आणि तिचं तरी काय चुकलं, साडेपाच तास पाठीवर ११ किलोची सॅक घेऊन चढून आल्यावर समोर ते निळंशार पाणी, त्याला लागून मऊ सपाट गवत, वाऱ्याची झुळूकही नाही, कोणालाही तिथेच अंग टाकावंसं वाटेल. तिने सॅक उतरवलीसुद्धा. म्हणाली, "अगं सकाळी टेंटची चेन उघडली की समोर तळं, यासाठीच तर आलोय ना आपण?" मी म्हटलं, ताई, अजून पंधरा मिनिटं चल, तो वरचा टप्पा दिसतोय ना, तिथे जाऊ. ती काही बोलली नाही, सॅक परत चढवली आणि चालायला लागली, पण चेहरा उतरला होता तिचा. मला फार वाईट वाटलं. तिची आयुष्यातली पहिली टेंटमधली रात्र आणि तिने मागितलेल्या एकाच गोष्टीला मी नाही म्हटलं होतं.

तळ्याचं नाव लिहीत नाहीये, मुद्दामच. नाव लिहिलं की लोकेशन शोधलं जातं आणि मग दोन सीझनमध्ये त्या गवताचं काय होतं ते मी दुसऱ्या एका तळ्यावर बघितलंय. एवढ्या उंचीवर झाडोऱ्याला वाढायला वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने मिळतात, बाकी सगळा वेळ बर्फाखाली. तिथली हाताच्या पंजाएवढी गवताची गादी तुडवली गेली तर ती भरून यायला वर्षानुवर्षं लागतात, काही ठिकाणी दशकं. ताईने जिथे सॅक टेकवली होती तिथून चार हातांवर शेकोटीची तीन काळी वर्तुळं होती आणि एका दगडाखाली कोंबलेले टिश्यू पेपर. बघून पोटात तुटतं अक्षरशः.

तळं साधारण ३२०० मीटरवर आहे. जिथून चालायला सुरुवात केली ती जागा २३०० च्या आसपास, म्हणजे ९०० मीटर चढ आणि अंतर ९ किलोमीटर. खाली आधी दोन रात्री काढल्या होत्या, कारण २५०० मीटरच्या वर गेलं की विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, फिटनेस कितीही असो. ताईचं डोकं संध्याकाळी थोडं दुखलं पण पाणी पिऊन आणि तासभर बसून थांबलं. थांबलं नसतं किंवा उलटीसारखं वाटलं असतं तर रात्री टॉर्च लावून खाली उतरायचं हे आधीच ठरलेलं होतं आणि दोघींना मान्य होतं. हे असं घरी बसूनच ठरवून ठेवावं, वर गेल्यावर "बघू जरा, सकाळपर्यंत बरं वाटेल" असंच वाटत राहतं.

किती वेळ लागेल याचा हिशोब मी नेस्मिथच्या नियमाने काढते. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हा नियम, तासाला साधारण ५ किलोमीटर आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. त्याप्रमाणे आमचे सव्वातीन तास होत होते. मी त्यात दोन तास वाढवून धरले कारण सॅक जड होती आणि ताई दर वळणावर थांबून बघणारी बाई आहे. तिला मी घाई केली नाही. जंगलातली पानं नुकती पिवळी पडायला लागली होती, सगळी नाही, एखादीच फांदी अशी की जणू तिला एकटीला कोणीतरी आधी कळवलंय. जंगल संपलं तसं जमिनीलगतची झुडपं लालसर, आणि त्याच्यावर नुसता दगड आणि गवत.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा मी का निवडते हे ताईने वाटेत विचारलं. उन्हाळ्यात वर डास आणि माश्या असतात, गर्दी असते, दुपारी ढग जमून विजा होतात. सप्टेंबर संपत आला की हे सगळं कमी होतं, हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते, आणि बर्फाने वाट अजून बंद केलेली नसते. म्हणजे हातात जेमतेम दोन-तीन आठवडे. पण त्याची किंमत असते. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र सारखे होतात आणि वर्षभरात दिवस सगळ्यात झपाट्याने लहान होतो तो याच सुमारास, रोज दोन-तीन मिनिटांनी. शिवाय डोंगराच्या कुशीत सूर्यास्त कॅलेंडरप्रमाणे होत नाही. आमच्या तळ्याच्या पश्चिमेला उभी भिंत आहे, ऊन चार वाजून चाळीस मिनिटांनी गेलं. आकाश पुढे दीड तास उजळ होतं, समोरची शिखरं सोनेरी होती, पण आम्ही सावलीत होतो आणि दहा मिनिटांत ताईने सॅकमधलं होतं नव्हतं ते सगळं अंगावर चढवलं. त्यामुळे चारपर्यंत पोचायचंच, हा एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय. ओल्या घामाच्या कपड्यात सावली गाठली की रात्रभर ऊब येत नाही.

आता त्या टप्प्याबद्दल. टेंट लावून झाल्यावर ताईला मी हे सांगितलं, खरंतर खाली असतानाच सांगायला हवं होतं, पण तेव्हा दम लागलेला आणि नीट शब्दच सुचेनात.

हे तळं म्हणजे हिमनदीने खोदलेला वाडगा आहे. हजारो वर्षं बर्फ एकाच जागी साचून, दाबून, सरकून डोंगराच्या कुशीतला खडक खरवडून काढतो, आणि खरवडलेला दगडगोटा पुढे ढकलून त्याचा बांध तयार करतो. बर्फ वितळून गेला की मागे वाडगा उरतो, बांधामागे पाणी साठतं. जिथे वर अजून हिमनदी शिल्लक असते तिथल्या तळ्यांचं पाणी दुधाळ हिरवं-निळं दिसतं कारण दळलेल्या दगडाचं पीठ पाण्यात तरंगत असतं. आमच्या तळ्यावर आता हिमनदी नाही, म्हणून पाणी काचेसारखं, खोल जागी जवळजवळ काळं. तर हा वाडगा दिवसा पाणी धरतो तशी रात्री थंड हवा धरतो. स्वच्छ आकाशाखाली जमीन तिची ऊब वर सोडून देते, जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड असते, ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि सगळ्यात खालच्या सपाटीवर येऊन साचते. आणि ती सगळ्यात खालची सपाटी म्हणजे तळ्यातून ओढा बाहेर पडतो तिथलं ते मऊ गवत. ताईची जागा. तिथून ३०-४० मीटर वर गेलं तरी आपण त्या थंड डबक्याच्या वर असतो. एरवी उंची वाढली की गारवा वाढतो, दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश, पण अशा शांत निरभ्र रात्री वाडग्यात उलटं होतं.

ताईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बरं, सकाळी बघू." शिक्षिका आहे ती. पुराव्याशिवाय मानत नाही.

मग मी एक केलं. माझ्याकडे दोन छोटे थर्मामीटर होते, एक आमच्या टेंटच्या बाहेर दगडावर ठेवला आणि दुसरा घेऊन खाली गेले, ताईच्या जागेवर ठेवून आले. पाणी भरून आणायचंच होतं. वर राहण्याचा हा एक त्रास आहे, पाण्यासाठी खाली-वर करावं लागतं, पण तसंही पाण्यापासून किमान ६० मीटर लांब राहावंच. तळ्यावर आपण एकटेच येत नाही, रात्री जनावरं पाण्यावर येतात, त्यांची वाट मोकळी हवी. भांडी, हात, तोंड, काहीही तळ्यात धुवायचं नाही. बायोडिग्रेडेबल लिहिलेला साबणसुद्धा नाही, त्याचं विघटन होतं मातीत, पाण्यात नाही. आणि शौचाचं म्हणाल तर, लाजायचं काय त्यात, मातीत १५ ते २० सेंटीमीटरचा खड्डा, पाण्यापासून त्याच अंतरावर, आणि कागद पिशवीत घालून परत. जिथे माती इतकी खोल नाहीच तिथे सगळंच पिशवीत घालून परत. ताईला याचीच सगळ्यात जास्त धास्ती होती, आणि प्रत्यक्षात तिने मला एकदाही काही विचारलं नाही, आपलं आपण केलं.

सूप झालं, पोटभर जेवलो, भांडी पुसली. ३२०० मीटरवर पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतं त्यामुळे शिजायला वेळ लागतो, गॅस जास्त धरावा लागतो. पाणी उकळून प्यायचं असेल तर एवढ्या उंचीवर ३ मिनिटं खळखळ उकळू द्यावं. आम्ही फिल्टर वापरला. शेवटचं भांडंभर पाणी उकळून दोन जाड बाटल्यांत भरलं, झाकण तीनतीनदा तपासलं, मोजे चढवले बाटल्यांना आणि स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. यासारखं सुख नाही.

स्लीपिंग बॅगबद्दल एक सांगायचंच आहे, विशेषतः बायकांना. बॅगेवर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बऱ्याचदा 'लिमिट' असतो, आणि चाचणीच्या पद्धतीत लिमिट हा साधारण पुरुषाच्या शरीरावरून धरलेला आकडा आहे, तोही आखडून झोपून कसाबसा रात्र काढणारा. साधारण बाईला आरामात झोप लागेल तो आकडा 'कम्फर्ट', लेबलवर बारीक अक्षरात. दोन्हीत पाच-सहा अंशांचा फरक सहज असतो. ताईने आणलेल्या बॅगेवर उणे ४ लिहिलं होतं, कम्फर्ट होता अधिक १. म्हणून मी तिला माझी बॅग दिली आणि तिची मी घेतली, कारण मला थंडीची सवय आहे आणि वर जाड जॅकेट होतं. मॅट मात्र दोघींनाही दोन-दोन, खाली फोमची, वर हवेची. माणसं बॅगेवर पैसे घालतात आणि खाली पातळ मॅट घेतात, पण पाठीखालची बॅग आपल्याच वजनाने दबून जाते, तिच्यात हवाच उरत नाही, मग जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेत राहते. मॅटचा आर-व्हॅल्यू, म्हणजे ती ऊब किती अडवते तो आकडा, बघून घ्या, आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांची बेरीज होते.

आठ वाजता अंधार पूर्ण पडला. अमावास्या दोन दिवसांवर होती.

मी खूप आकाशं बघितली आहेत पण ताईबरोबर पहिल्यांदाच. डोक्यावर अभिजित, हंस आणि श्रवण यांचा मोठा त्रिकोण, त्याच्यातून आकाशगंगेचा पट्टा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ईशान्येला देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसत होती, पुसट डागासारखी, आणि मी सांगितलं की हा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय तेव्हा ताईने माझा हात धरला. काही बोलली नाही. मग कृत्तिका वर आल्या, आणि नंतर आम्ही खाली बघितलं तर तळ्यातही तारे होते. वारा इतका पडलेला की पाण्यात एक एक वेगळा मोजता येत होता. वरच्या टप्प्यावरून अख्खं तळं दिसतं ना, काठावर बसलं असतं तर तिरकस कडा दिसली असती फक्त. ताई म्हणाली, "इथूनच चांगलं दिसतंय." मला इतकं हलकं वाटलं त्या एका वाक्याने.

टेंटमध्ये शिरल्यावर तिला झोप येईना. मलाही. तिचं लग्न झालं त्याला आता २४ वर्षं झाली आणि तेव्हापासून आम्ही दोघीच एका खोलीत अशा झोपलोच नव्हतो कधी, कायम कोणीतरी मुलं, पाहुणे, आई, कोणाचं तरी आजारपण. अंधारात नाकाच्या टोकाला थंडी वाजत असताना माणूस वेगळं बोलतो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण आईच्या शेवटच्या महिन्याबद्दल ती जे बोलली ते मला चार वर्षांत माहीत नव्हतं. मी एवढंच विचारलं की तेव्हा का नाही सांगितलंस. तर म्हणाली, "तेव्हा सगळ्या खोल्यांत दिवे लागलेले असायचे गं."

पहाटे तीनला मला बाहेर जावं लागलं आणि मी तिलाही उठवलं. पूर्वेला मृग चांगलाच वर आला होता आणि त्याच्याखाली व्याध, भिंतीच्या काठावर, हिरवा-लाल-पांढरा लुकलुकत. हिवाळ्याचे तारे. संध्याकाळी उन्हाळ्याचं आकाश बघून झोपायचं आणि पहाटे हिवाळ्याचं बघायला उठायचं हे मुक्काम केल्याशिवाय मिळत नाही. दिवसा येऊन तळ्याचे फोटो काढून चारला उतरणाऱ्यांना तळं दिसतं, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही, पण निम्मं राहून जातं हे मात्र खरं आहे.

सकाळी साडेसहाला मी थर्मामीटर बघितला. उणे १. टेंटच्या आतल्या बाजूला आमच्या श्वासाचं पाणी जमलं होतं, वरची दोन्ही झडपं उघडी ठेवूनही थोडं जमतंच, पण बर्फ नव्हता. ताई चेन उघडून बाहेर आली आणि उभीच राहिली. तळ्यावरून वाफ निघत होती. पाणी थंड व्हायला हवेपेक्षा फार वेळ घेतं, शरद ऋतूत वरचा थर गार होऊन जड होतो आणि खाली जातो, खालचं वर येतं, असं सगळं तळं ढवळत ढवळत ४ अंशांपर्यंत यावं लागतं तेव्हा कुठे पुढे वर बर्फ धरायला सुरुवात होते. तोपर्यंत अशा पहाटे पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, म्हणून त्याच्यावर धुकं उठतं. पातळ, वळत वळत जाणारं, आणि ओढ्याच्या तोंडाशी गेल्यावर ते हळूच खाली वाहत होतं. थंड हवा कुठून कुठे जाते ते डोळ्यांना दिसत होतं.

आणि गवत. आमच्या टप्प्याच्या थोडं खाली एक रेघ होती. रेघेच्या वर गवत तपकिरी, ओलं. रेघेच्या खाली सगळं पांढरं, दंवाने कडक झालेलं, अगदी पाण्याच्या काठापर्यंत. ताई एकटीच उतरून गेली, तिच्या जागेवरचा थर्मामीटर उचलला आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "उणे पाच!" तिचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. मग ती तिथेच उभी राहून बराच वेळ वर आमच्या टेंटकडे आणि त्या रेघेकडे बघत होती.

एक चूक झाली ती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. फिल्टर मी रात्री टेंटच्या बाहेरच्या कप्प्यात विसरले. या फिल्टरमध्ये बारीक पोकळ धाग्यांच्या नळ्या असतात, आत अडकलेलं पाणी गोठलं की त्या तडकतात आणि तडकल्यात हे बाहेरून कळत नाही, पाणी तसंच येत राहतं पण गाळलं गेलेलं नसतं. एकदा वापरलेला फिल्टर गोठला असेल तर तो टाकून द्यायचा, दुसरा उपाय नाही. पहाटे झटकला तर आत बर्फाचा खडखडाट. म्हणून परतीचं सगळं पाणी उकळावं लागलं आणि गॅस पुरेल की नाही याची काळजी, त्यातून गारठ्यात ज्योतही मरतुकडी, कारण कॅनिस्टरमधला, म्हणजे गॅसच्या डब्यातला, प्रोपेन आधी संपत जातो आणि मागे राहिलेला ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायलाच तयार नसतो. ताईने कॅनिस्टर स्वतःच्या जॅकेटमध्ये पोटाशी धरून दहा मिनिटं बसून गरम केला, मग नीट पेटला. फिल्टर, फोन, हेडलॅम्पच्या बॅटऱ्या, हे सगळं रात्री बॅगेत आपल्याबरोबर झोपवायचं. मला माहीत होतं तरी राहिलं, बोलण्याच्या नादात.

ऊन साडेआठला आमच्यापर्यंत आलं. टेंट वाळत घातला आणि दगडांवर बसलो तर शिट्टी. मार्मोट. ताईने कधी बघितला नव्हता. मांजरापेक्षा मोठा, गुबगुबीत, उन्हात पसरलेला, सहा-आठ महिने झोपायचंय म्हणून उन्हाळाभर खाऊन तयार. आणि त्याच दगडांच्या राशीत पिका, मूठभर, उंदरासारखा दिसणारा पण सशाच्या कुळातला, तोंडात गवताची काडी धरून पळतोय, कपारीत ठेवतोय, परत पळतोय. पिका झोपत नाही हिवाळाभर. बर्फाखाली दगडांच्या फटीत जागा राहतो आणि हे वाळवलेलं गवत खातो, म्हणून सप्टेंबरमध्ये त्याला क्षणाची उसंत नसते. ताईने त्याच्या खेपा मोजल्या. अर्ध्या तासात १७. निघायला उशीर झाला त्यामुळे, होऊ दे.

उतरताना गुडघ्यांसाठी काठ्या होत्या म्हणून बरं. शेकोटीच्या वर्तुळांतले डबे आणि ते टिश्यू मी हातमोजे घालून पिशवीत भरून आणले, ताईने दुसरी पिशवी धरली. शेवटच्या वळणावरून तळं परत दिसतं, तिथे आम्ही थांबलो नाही, दोघीही गप्प चालत राहिलो.

काल वर बर्फ पडल्याचं कळलं. मी ताईला लगेच मेसेज केला. तिचं उत्तर आलं, मार्मोट झोपले असतील का गं आता? मी लिहिलं, झोपले असतील. थोड्या वेळाने परत तिचाच मेसेज, आणि तो सतरा खेपावाला? मी लिहिलं, तो जागा असणार.